न्हावऱ्याचं दमलेलं धनुष्य

"काका, ह्ये बी गेलं."

अंकितानं धनुष्य माझ्या टेबलावर आडवं ठेवलं आणि ती बाजूला उभी राहिली. दोरी काढलेली होती. दोरी काढली की चांगलं धनुष्य जवळजवळ सरळ होतं. हे झालं नव्हतं. दोन्ही टोकं टेबलापासून वर उचललेली होती. मी टोकाखाली बोटं सरकवून पाहिली. तीन बोटं आरामात गेली. दहाच दिवसांपूर्वी दिलं तेव्हा तिथं एक बोटही जात नव्हतं.

"सिलेक्शन कधी आहे?" मी विचारलं.

"पुढच्या रविवारी. दौंडला."

म्हणजे नऊ दिवस. अंकिता बारावीत. तिच्या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष. जिल्ह्याच्या टीममध्ये चार मुली घेणार होते. त्यात नाव लागलं तर पुढं राज्याची स्पर्धा, नाही लागलं तर धनुष्य खुंटीला. हे तिनं मला कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण तिचे कोच शेख सर दर फोनला बोलून दाखवत होते.

मी मूळचा पॅटर्नमेकर. फाउंड्रीत लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करतात, तो वाळूत दाबतात आणि उमटलेल्या साच्यात रस ओततात. तो नमुना करणारा माणूस म्हणजे पॅटर्नमेकर. शिक्रापूरजवळच्या एका फाउंड्रीत अठ्ठावीस वर्षं मी तेच केलं. त्याआधी माझे वडील शिरूरच्या जुन्या मिशनच्या वर्कशॉपमध्ये पोरांना सुतारकाम शिकवायचे. लाकडाचा नाद तिथला. रिटायर झाल्यावर घरामागच्या शेडमध्ये मी स्टुलं आणि पोळपाट करत बसलो होतो, तेव्हा एक दिवस शेख सर मोडकं धनुष्य घेऊन आले. ते तळेगाव ढमढेऱ्याच्या एका शाळेत पीटी शिकवतात आणि सुट्टीच्या दिवशी न्हावऱ्याच्या माळावर पोरापोरींकडून तिरंदाजी करून घेतात.

"सायमनभाऊ, ह्ये जुळंल का?"

"जुळणार नाही. पण नवं करता येईल," असं मी बोलून बसलो. तोपर्यंत मी एकही धनुष्य केलं नव्हतं. पहिली चार मोडली. पाचवं टिकलं आणि त्यानंतर मला दुसरं काही सुचेना.

धनुष्य करताना माणूस हरवतो, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. पॅटर्नचं काम मापाचं. ड्रॉइंग समोर, व्हर्निअर हातात, अर्ध्या मिलिमीटरसाठी भांडणं. धनुष्याला ड्रॉइंग नसतं. धामणीचं लाकूड घ्यायचं. धामण हे घाटाकडचं झाड, त्याचं लाकूड लवचिक. त्याच्या पाठीला बांबूची पट्टी चिकटवायची. मग दोन्ही पाती, म्हणजे मुठीच्या वरचा आणि खालचा भाग, थोडी थोडी तासत जायची. शेवटी रंधाही जड वाटायला लागतो. मग फुटलेल्या काचेचा तुकडा घ्यायचा आणि खरवडायचं. काचेखालून लाकडाचा कीस निघतो तो फुंकर मारली तरी उडेल इतका हलका असतो. दुपारी शेडच्या झरोक्यातून ऊन येतं, त्यात तो कीस तरंगत राहतो. मी बघत बसतो. बायको चहा ठेवून जाते, तो गार होतो, त्यावर कीस पडतो, आणि मी तो तसाच पितो. ती म्हणते, "फाउंड्रीत तरी तुम्ही संध्याकाळी घरी यायचात."

तासता तासता मधूनमधून धनुष्य भिंतीवरच्या खुंटीला आडवं बसवायचं, दोरीला हुक लावायचा, हुकाची रस्सी कप्पीतून ओढायची आणि चार पावलं मागं उभं राहून बघायचं. दोन्ही पाती सारखी वाकली पाहिजेत. जिथं कमी वाकतं तिथं तासायचं, जिथं जास्त वाकतं तिथं हात लावायचा नाही. याला टिलरिंग म्हणतात. डोळे अर्धे मिटून बघितलं की चूक लवकर दिसते. मला तर कधीकधी ते वाकणं स्वप्नातही दिसतं, आणि स्वप्नात दोन्ही पाती नेहमी सारखी असतात.

अंकिताचं पहिलं धनुष्य मी असंच केलं होतं. ती खेळते ते इंडियन राउंड. त्यात साधं लाकडाचं किंवा बांबूचं धनुष्य लागतं, वर नेम धरायचं यंत्र नसतं, काही नसतं. तीस मीटर आणि पन्नास मीटर. धनुष्याची ताकद पाउंडात मोजतात. पूर्ण ओढल्यावर हुकाला लावलेल्या वजनकाट्यावर जो आकडा येतो तो. पहिलं दिलं तेव्हा आकडा होता चौतीस. तीन आठवड्यांनी ती परत आली, आकडा अठ्ठावीस. पन्नास मीटरवरून तिचे बाण टार्गेटच्या पायाशी गवतात रुतायला लागले होते.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं होतं.

"टार्गेटच्या वर बाभळीची फांदी हाय. तिच्यावर नेम धरायचे."

"आणि लागायचं?"

"वारा नसला तर."

लाकूड वाकतं तेव्हा धनुष्याची पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. पोट म्हणजे आपल्याकडची बाजू. पोटाचे तंतू फार दाबले गेले की चुरगळतात आणि पुन्हा सरळ होत नाहीत. धनुष्य वाकडंच राहतं आणि ताकद जाते. याला सेट म्हणतात. थोडा सेट प्रत्येक धनुष्याला येतो. तीन आठवड्यांत सहा पाउंड हा थोडा नव्हे.

मी आधी लाकडावर आळ घेतला. ओलं असणार. मग दुसऱ्या धनुष्यासाठी दोन वर्षं माळ्यावर वाळत पडलेली फळी काढली. ती कुणाला द्यायची नाही असं मनात होतं. वजन करून, आठवडाभर थांबून, परत वजन करून खात्री केली. मग डिंकावर आळ घेतला आणि डिंक बदलला. मग स्वतःवर. पाती मुठीजवळ जरा रुंद ठेवली, म्हणजे ताण पसरेल. टिलरिंगला तीन दिवस घेतले. इतकं देखणं धनुष्य माझ्या हातून आधी झालं नव्हतं, हे मी न लाजता सांगतो.

तेच आता तीन बोटं वर येऊन टेबलावर पडलं होतं. काट्याला लावलं. एकोणतीस.

मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त भीती वाटली. साठी ओलांडल्यावर डोळ्यांवर भरवसा किती ठेवायचा? मला जे सारखं दिसतंय ते सारखं नसेल तर? फाउंड्रीत कास्टिंगमध्ये खोट निघाली की सगळे आधी पॅटर्न शॉपकडं बोट दाखवायचे. त्या सवयीनं मीही लाकडाकडंच बघत बसलो होतो.

मी धनुष्य उलटसुलट करून बघितलं. कुठं चीर नाही, पट्टी सुटलेली नाही. मुठीच्या वर एक पिवळट डाग होता, त्यात थोडा लाल. भाजीचा हात लागला असेल असं समजून मी तो पुसला.

"दोरी उतरवतेस ना रोज?" मी विचारलं. हे मी पहिल्या वेळीही विचारलं होतं. धनुष्य वापरून झालं की दोरी उतरवायची, हा पहिला नियम.

"रोज उतरवते काका. माळावरनं घरी गेल्या गेल्या. एक दिवस बी चुकले न्हाई."

ती खोटं बोलणारी मुलगी नाही.

तिला पहिलंच धनुष्य देऊन पाठवलं. ते माझ्याकडं महिनाभर पडून होतं. काट्याला लावलं तर तीस दाखवलं. नुसतं पडून राहून दोन पाउंड परत आलेले. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पडला नाही.

संध्याकाळी शेख सरांचा फोन.

"भाऊ, काय झालं?"

"कळत नाही."

"कळत न्हाई म्हणू नका. नऊ दिवस हायत. दुसऱ्या कुणाकडनं आणू का? खरं सांगा, राग न्हाई यायचा."

राग मलाच आला. "आणा," म्हणालो. मग दोन मिनिटांनी मीच फोन केला. "आणू नका. मला एकदा तिचं घर बघू द्या."

"घर कशाला? प्रॉब्लेम धनुष्यात हाय."

"ते माझ्याकडं असतं तेव्हा त्याला काही होत नाही, सर. जे काय होतं ते तिथं होतं."

हे वाक्य तोंडातून गेल्यावर मला स्वतःलाच ते नवीन वाटलं.

सोमवारी सकाळी दुसरं धनुष्य गाडीला बांधून मी न्हावऱ्याला गेलो. रस्त्यानं दोन्हीकडं ऊस. तुरे आले होते आणि वारा नव्हता, त्यामुळं ते सगळे एकाच बाजूला कलून स्तब्ध होते. मी गाडी हळू घेतली. उसाची कमान कुठं बसते ते बघत गेलो. मागून ट्रॅक्टरवाल्यानं दोनदा हॉर्न दिला तेव्हा बाजूला झालो.

अंकिताचं घर गावाबाहेर, गोठ्याला लागून. वडील दूध घालायला गेलेले, आई शेतात, अंकिता कॉलेजात. घरी एकटे आबा, तिचे आजोबा. अंगानं अजून भरलेले. तरुणपणी तालमीत होते हे मानेवरून दिसत होतं.

"या मेस्त्री, या. पोरगी सांगत असती तुमचं. बसा, च्या टाकतो."

मी बसलो आणि समोर बघितलं. भिंतीला देव्हारा. देव्हाऱ्याशेजारी खुंटीवर ते पहिलं धनुष्य. मूठ मधोमध, मुठीवर हळदीकुंकवाचं बोट, वर झेंडूचं एक फूल. आणि दोरी चढवलेली. दोरी चांगली ताणलेली, बोटानं छेडली असती तर वाजली असती. वर पत्रा. अकरा वाजले होते आणि पत्र्याची धग खाली उतरायला लागली होती.

मी बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिलो. आतून आबांचा आवाज येत होता, साखर किती विचारत होते.

"आबा, ही दोरी कुणी चढवली?"

"म्या." आबा चहा घेऊन बाहेर आले. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "सकाळी आंघूळ झाली की चढवतो. आन् पूजा करतो. ह्या घरात दुसऱ्या कुणाला जमत न्हाई. माझ्या लेकाला बी न्हाई. मांडीखाली घेतलं, एक दाब दिला, की झालं."

"आणि मग?"

"मग ऱ्हातंय देवापशी. चार वाजता पोरगी येती, उचलती आन् माळावर जाती. तिचा टाइम वाचतोय. दमून येती बिचारी."

म्हणजे अंकिता खरंच बोलत होती. माळावरून आली की ती दोरी उतरवायची. ती रोज चढलेली कशी मिळते, हे तिनं सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. तिला वाटायचं आबा ती यायच्या जरा आधी चढवतात. प्रत्यक्षात धनुष्य सकाळी सातपासून चारपर्यंत तापल्या पत्र्याखाली वाकून उभं असायचं. गरम झालेलं लाकूड वाकवून ठेवलं की ते तसंच राहतं. टोपल्या विणणारे बांबू शेकून वाकवतात तो हाच प्रकार. आबा रोज भक्तिभावानं तेच करत होते.

सांगायचं कसं, हा प्रश्न होता. मी ख्रिस्ती माणूस. दुसऱ्याच्या देव्हाऱ्यासमोर बसून, त्याचा चहा पीत, तुमच्या पूजेनं बिघाड झाला असं म्हणायचं? मी चहा संपवला. कप खाली ठेवला.

"आबा, दोरी उतरवूनही पूजा होईल ना?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी काही अभद्र बोललोय. "उतरलेलं धनुष्य देवापुढं? मेस्त्री, क्यालेंडरवर रामाच्या हातात कवा दोरी उतरलेलं धनुष्य बघितलंय का तुमी?"

"नाही बघितलं."

"मग. उतरलेलं धनुष्य हरल्यावाणी दिसतंय. पोरीचं सिलेक्शन हाय. तिचं धनुष्य हरल्यावाणी ठेवू व्हय म्या?"

मी बैलाचं जू वगैरे सांगून पाहिलं. औत सुटल्यावर जू मानेवर ठेवता का, म्हणालो. आबा म्हणाले, "बैल जित्राब हाय. ह्ये लाकूड हाय." ते बरोबरच होतं.

मग मी म्हणालो, "आबा, एक करून बघू? देवाला विचारून दोरी उतरवा. आपण नुसतं बघत बसू. मला काही सांगायचं नाही."

ते उठले, देव्हाऱ्यापुढं हात जोडले, काहीतरी पुटपुटले आणि धनुष्य मांडीखाली घेऊन एका दाबात दोरी सोडवली. खरोखर सुरेख हात होता. मी त्यांच्या परवानगीनं धनुष्य पत्र्यापासून लांब, ओट्यावरच्या सावलीत, भिंतीला लागून उभं ठेवलं. मुठीशी खिळ्याला टेकवलं आणि वरचं टोक जिथं आलं तिथं भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली. खालच्या टोकाशीही मारली.

आम्ही ओट्यावर बसलो.

पहिली दहा मिनिटं आबा बोलत होते. तालमीचं, जुन्या विहिरीचं, गाईंचं. मग बोलणं आपोआप कमी झालं. गोठ्यात गाय रवंथ करत होती. लांब पाण्याची मोटर चालू होती, ती बंद झाल्यावर ती चालू होती हे कळलं. उन्हाची कड ओट्याच्या दगडावरून इंच इंच मागं सरकत होती. मला झोप आली नव्हती, पण जागाही नव्हतो. आबाही तसेच. दोघंही त्या रेघेकडं बघत होतो. बघत असताना काही हलत नाही. जरा दुसरीकडं बघून परत पाहिलं की फरक असतो.

तासाभरानं मी उठून दुसरी रेघ मारली. पहिलीपासून पाऊण बोट लांब. टोक मागं गेलं होतं, सरळ होण्याच्या बाजूला. आणखी तासाभरानं तिसरी मारली, ती दुसरीच्या जवळच होती, पण पुढं होती.

आबा रेघांजवळ गेले. तिन्हीवरून बोट फिरवलं. मग धनुष्याच्या पोटावर तळहात ठेवला आणि तसेच उभे राहिले.

"दमलं व्हतं," ते म्हणाले.

"हो."

"म्या दमवलं."

मला हे ऐकायचं नव्हतं. मी म्हणालो, "तुम्हाला कुणी सांगितलं नाही. सांगायचं काम माझं होतं." आणि ते खरं होतं.

आबांनी विचारलं, "आता हुकलं का पोरीचं?"

सगळी ताकद परत येत नाही. चुरगळलेले तंतू चुरगळलेलेच राहतात. हे मी त्यांना सांगितलं. पण एक उपाय असतो, हेही सांगितलं. दोन्ही टोकं इंचभर कापायची. धनुष्य आखूड झालं की तेच लाकूड ओढायला जड होतं, म्हणजे ताकद वाढते. धोका असा की आखूड धनुष्य तेवढंच ओढलं की लाकडावर ताण वाढतो, आणि आधीच दमलेलं लाकूड मोडू शकतं. मोडलं तर मोडलं.

"मोडलं तर?"

"तर तिला अशक्त धनुष्यावर खेळावं लागेल."

"कापा," आबा म्हणाले. "पर आधी त्येला झोपू द्या."

मी दोन्ही धनुष्यं शिरूरला नेली आणि चार दिवस शेडमध्ये सावलीला ठेवली. हात लावला नाही. शुक्रवारी अंकिता कॉलेजातून थेट आली. दुसऱ्या धनुष्याची दोन्ही टोकं मी तिच्यासमोर कापली, दोरी अडकायच्या खाचा नव्यानं कानशीनं पाडल्या आणि धनुष्य खुंटीला बसवलं. रस्सी तिच्या हातात दिली.

"मी?"

"तूच ओढ. मी बघतो. मला बघायलाच पाहिजे."

ती हळूहळू ओढत गेली. मी चार पावलं मागं उभा राहिलो आणि डोळे अर्धे मिटले. लाकूड मोडायच्या आधी टिक असा बारीक आवाज करतं. पंधरा इंच. वीस. चोवीस. शेडमध्ये दुसरा काही आवाज नव्हता. सव्वीस इंचावर वरचं पातं मधे किंचित जास्त वाकतंय असं मला दिसलं. तिला थांबवलं, खालच्या पात्याला काचेचे आठ-दहा हात दिले, पुन्हा ओढायला लावलं. अठ्ठावीस इंच. पूर्ण. आवाज नाही. दोन्ही पाती सारखी.

काट्यावर तेहतीस.

अंकितानं रस्सी हळू सोडली आणि डोळे पुसले. मी काच बाजूला ठेवायच्या निमित्तानं वळलो, कारण माझीही तीच गत होती.

रविवारी दौंडच्या मैदानावर मी गेलो. शेख सर होते, आबाही आले होते. पांढऱ्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून धनुष्य त्यांनीच आणलं होतं. दोरी वेगळी, खिशात. वेळ झाल्यावर त्यांनी धनुष्य अंकिताच्या हातात दिलं आणि म्हणाले, "तूच चढव."

आधी तीस मीटर झालं. अंकिता सहावी. सर म्हणाले चालेल, तिचं पन्नास चांगलं आहे. पन्नासची टार्गेटं लावून झाली, मुली रांगेत उभ्या राहिल्या आणि निरोप आला की पाहुणे यायचे आहेत, ते आल्याशिवाय सुरू करू नका. दुपारचं बारा-साडेबाराचं ऊन. मैदानावर एक झाड नाही. पलीकडून एक मालगाडी जायला लागली, ती संपतच नव्हती. मी डबे मोजत होतो आणि कुठंतरी मधेच हरवलो.

भानावर आलो तेव्हा आबा रांगेत होते. अंकिताच्या हातातलं धनुष्य घेऊन त्यांनी मांडीखाली एका दाबात दोरी उतरवली आणि धनुष्य फडक्यात गुंडाळून सावलीला, टेबलाखाली ठेवलं. तिथंच थांबले असते तर ठीक. ते शेजारच्या मुलीकडं गेले.

"पोरी, उतरव दोरी. लाकूड दमतंय उन्हात."

मग तिच्या पुढचीकडं. मग तिच्या पुढचीकडं. काही मुली हसल्या. दोघीतिघींनी उतरवली.

शेख सर माझ्याजवळ आले. कपाळावर आठ्या. "भाऊ, त्यास्नी सांगा की. त्या सगळ्या आपल्या विरुद्धच्या हायत."

मी जाऊन आबांना हळूच सांगितलं. आबांनी माझ्याकडं बघितलं. "पोरी विरुद्धच्या असतील. धनुष्याचा काय दोष हाय त्यात?"

मी परत येऊन सरांशेजारी उभा राहिलो.

पाहुणे तासानं आले. पन्नास मीटर सुरू झालं तेव्हा ज्यांच्या दोऱ्या तासभर उन्हात चढलेल्या होत्या त्यांचे बाण खाली पडायला लागले. थोडेच खाली, पण पन्नास मीटरवर थोडं पुरतं. त्या मुलींना कळेना काय होतंय. अंकिताचे बाण जिथं जायचे तिथं जात होते. दौंडचीच एक मुलगी होती, चष्मा लावलेली, आबांचं ऐकलेल्यांपैकी. तिचेही जात होते. शेवटी गुण लागले. पहिल्या तिघी ठरल्या. चौथ्या जागेसाठी अंकिता आणि ती चष्मेवाली मुलगी सारख्या गुणांवर.

एकेक बाण मारायचा. मध्याच्या जवळ जिचा, ती टीममध्ये.

शेख सरांनी आबांकडं बघायचं टाळलं. आबा ताठ उभे होते, हात पाठीमागं बांधून. मी शपथेवर सांगतो, ते दोन्ही धनुष्यांकडं बघत होते.

चष्मेवाली आधी. तिचा बाण सोनेरी वर्तुळाच्या जरा बाहेर, लाल पट्ट्यात, आतल्या कडेला लागला. छान बाण होता. मग अंकिता. तिनं धनुष्य उचललं, ओढलं, आणि मला ती कमान दिसली. पूर्ण ओढलेली, दोन्ही पाती सारखी, मागं निळं आभाळ. बाण सुटला हे मला दिसलं नाही. मी अजून त्या कमानीकडंच बघत होतो. कुणीतरी माझा दंड दाबला तेव्हा कळलं. शेख सर होते. रडत होते. बाण सोनेरी वर्तुळात होता, कडेला, पण आत.

अंकिता आधी त्या मुलीकडं गेली, तिचा हात हातात घेतला, काहीतरी बोलली. मग तिनं दोरी उतरवली. मग आली आणि आबांच्या पाया पडली. आबा म्हणाले, "आधी त्ये सावलीला ठिव."

तिची राज्याची स्पर्धा चांगली झाली, बक्षीस मिळालं नाही. चष्मेवाल्या मुलीचं धनुष्य पुढं मीच केलं. अंकितानं तिला माझ्याकडं पाठवलं होतं.

तेव्हापासून धनुष्य तयार झालं की मी ते शेडमधून देत नाही. गिऱ्हाइकाच्या घरी घेऊन जातो. ते कुठं टांगणार ते बघतो, वर पत्रा आहे का बघतो. मग घरात जेवढी माणसं असतील तेवढ्यांना बोलावतो, म्हाताऱ्यांना आधी, आणि प्रत्येकाला एकदा दोरी चढवायला आणि एकदा उतरवायला लावतो. यात निम्मा दिवस जातो. नवं धनुष्य करायला तीन आठवडे लागतात.